तोच क्रम, त्याच हालचाली

पाठीच्या दुखण्यावर उपाय म्हणून जो पिलाटेस या व्यायामपद्धतीकडे वळतो, त्याने आरंभीच हे मनाशी पक्के करावे, की ही पद्धती नवनव्या हालचालींच्या संग्रहाने फळास येत नसून, मोजक्याच हालचाली त्याच क्रमाने आणि त्याच सावधपणे, आठवड्यामागून आठवडे करीत राहिल्याने फळास येते. कोषागारात हिशेब तपासण्यात ज्याची उमेदीची वर्षे गेली, अशा माझ्यासारख्याच्या कमरेने निवृत्तीच्या सुमारास तक्रार रुजू केली, यात नवल नाही. परंतु तिच्या निवारणासाठी या छत्रपती संभाजीनगरात मी जे दोन वर्ग पाहिले, त्यांतील पहिल्याने मला जे सोसावयास लावले आणि दुसऱ्याने जे दिले, ते इतरांच्या उपयोगी पडेल असे वाटल्यावरून हे लिहीत आहे.

पहिल्या वर्गाचे संचालक उत्साही होते, आणि विद्यार्थी कंटाळून वर्ग सोडतील या धास्तीने त्यांनी असा शिरस्ता घातला होता, की एकदा करविलेला व्यायाम त्या महिन्यात सहसा पुन्हा करवावयाचा नाही. एका दिवशी चटई, दुसऱ्या दिवशी रबरी पट्टे, तिसऱ्या दिवशी मोठा चेंडू; वर संगीताची साथ. प्रत्येक हालचाल शरीराला अनोळखी असतानाच संपे, त्यामुळे श्वास केव्हा सोडावा आणि मानेवर भार न घेता खांदे कसे उचलावेत, हे कळण्यापूर्वीच दुसरी सुरू होई. अशातच एका सकाळी उताणे निजून दोन्ही पाय डोक्यापलीकडे नेण्याचा व्यायाम आम्हां सर्वांकडून करविण्यात आला, आणि कमरेतली कळ मांडीपर्यंत उतरून मला कित्येक दिवस अंथरूण धरावे लागले. तो व्यायाम स्वतः दोषी नव्हे. ज्या सोप्या हालचालींच्या आवर्तनांनी पोट आणि पाठ त्यासाठी सिद्ध व्हावयाची असतात, त्या आवर्तनांवाचून तो माथी मारला गेला, हा दोष.

पुढे एका भौतिकोपचार जाणणाऱ्या बाईंकडे शिकू लागलो. त्यांनी प्रथम गुडघे मोडून उताणे निजविले आणि बराच काळ केवळ श्वासाकडे लक्ष देवविले. श्वास सोडताना ओटीपोट आत कसे येते, पाठ आणि चटई यांमधील पोकळी केव्हा वाढते आणि केव्हा नाहीशी होते, हे पाहावयाचे. नंतर कंबर उचलणे, एक पाय सरळ करणे, कुशीवर वळून पाय उचलणे, अशा चार-सहा हालचाली, आणि त्यांचा क्रम त्यांनी दीर्घकाळ बदलला नाही. या न बदलण्यातच सारे मर्म आहे, हे मला माझ्या जुन्या व्यवसायामुळे लवकर उमगले. वर्षानुवर्षे तीच लेखाशीर्षे डोळ्यांखालून घालणाऱ्याला जमाखर्चातील तफावत जशी चटकन दिसते, तशीच रोजची हालचाल तीच असली म्हणजे आज डावी बाजू उजवीहून किती आळसावली आहे आणि कोणत्या क्षणी श्वास रोखला गेला, हे आपोआप ध्यानात येते.

मात्र पुनरावृत्ती म्हणजे मोठा आकडा, असा समज आपल्याकडे होणे स्वाभाविक आहे. शेजारच्या जालना जिल्ह्यातील जांब हे ज्यांचे जन्मग्राम, त्या समर्थ रामदासांनी टाकळीस रोज १२०० नमस्कार घातले, अशी परंपरा आपण लहानपणापासून ऐकतो. तालमीतही जोर-बैठकांची प्रतिष्ठा संख्येवरच ठरे. त्या परंपरेविषयी मला नितांत आदर आहे; पण पिलाटेसचे शास्त्र निराळे. जर्मनीत म्योन्शेनग्लाडबाख येथे १८८३ साली जन्मलेले जोसेफ पिलाटेस बालपणी दमा आणि मुडदूस यांनी पीडित होते. पहिल्या महायुद्धात इंग्रजांनी त्यांना आइल ऑफ मॅन येथील छावणीत नजरकैदेत ठेवले. पुढे न्यूयॉर्कला त्यांनी आपली व्यायामशाळा थाटली, आणि तेथे नर्तक मोठ्या संख्येने येऊ लागले. १९४५ च्या त्यांच्या पुस्तकात चटईवरचे ३४ व्यायाम आहेत. त्यांतील प्रत्येकाची आवर्तने थोडी, आणि नेमून दिलेल्या संख्येपलीकडे जाऊ नये, त्याने हितापेक्षा अहितच अधिक होते, अशी ताकीद आहे. पण आठवड्यातून चार वेळा, तीन महिने खंड पडू न देता, ही अट मात्र कडक आहे. ‘हंड्रेड’ या पहिल्याच व्यायामात शंभरचा आकडा असला, तरी ते हातांचे लहान हेलकावे आहेत. पाच हेलकाव्यांत श्वास घ्यावयाचा, पाचांत सोडावयाचा, आणि असे दहा वेळा.

खंडाविषयी तर अधिकच सांगावेसे वाटते, कारण आमच्या दुसऱ्या वर्गातील एका सहाध्यायी गृहस्थांचे उदाहरण माझ्या डोळ्यांसमोर आहे. दुखणे थांबले, तेव्हा व्यायामाचे प्रयोजनही संपले, असे समजून ते यावयाचे बंद झाले, आणि वर्ष उलटण्यापूर्वी पूर्वीपेक्षा अधिक वेदना घेऊन परतले. ऑस्ट्रेलियातील ज्युली हाइड्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ साली प्रसिद्ध केलेल्या संशोधनात याचे कारण सापडते. पहिल्यांदाच कंबर धरलेल्या रुग्णांत महिन्याभरात वेदना बहुतेकांच्या गेल्या, पण मणक्यांलगतचा जो खोल स्नायू दुखण्याच्या काळात रोडावला होता, तो वेदना गेल्याने आपोआप पूर्ववत झाला नाही. विशिष्ट व्यायाम करणाऱ्यांतच तो भरून आला. वर्षभराच्या पाहणीत व्यायाम केलेल्यांपैकी ३० टक्क्यांचे, तर न केलेल्यांपैकी ८४ टक्क्यांचे दुखणे उलटले. हे व्यायाम पिलाटेसचे नव्हते, परंतु खोल स्नायूंना सावकाश आणि वारंवार जागे करण्याचे तत्त्व तेच आहे.

म्हणून नव्याने आरंभ करणाऱ्याने वेळ अशी निवडावी, की जी लग्नसराईत आणि पाहुण्यांच्या गर्दीतही टिकेल. आपल्याकडे वैशाखात पारा चाळिशी ओलांडतो; तेव्हा सूर्योदयापूर्वीचा अर्धा तास घ्यावा, आणि तेवढेही न साधल्यास श्वासाची आणि कंबर उचलण्याची दोन आवर्तने तरी करावीत, पण दिवस कोरा जाऊ देऊ नये. ज्वर येऊन गेल्यास सोडल्या ठिकाणापासून नव्हे, पहिल्या सोप्या हालचालीपासून सुरुवात करावी. क्रमात भर घालावयाची ती एका वेळी एकाच हालचालीची, आणि तीही जुन्या हालचालींत श्वास अडखळेनासा झाल्यावर. शुल्क भरण्यापूर्वी शिक्षकांना स्पष्ट विचारावे, की या वर्गाने मागील महिन्यात काय केले आणि येत्या महिन्यात त्यातील काय कायम राहणार. उत्तर केवळ नावीन्याचे आले, तर दुसरा वर्ग पाहावा. पाय बधिर होत असल्यास किंवा वेदना खाली उतरत असल्यास आधी वैद्यकीय तपासणी करून घ्यावी. ज्या वडीलधाऱ्या भगिनींची हाडे ठिसूळ झाल्याचे निदान आहे, त्यांनी कणा पुढे वाकविणारे आणि पाठीवर लोळण घेणारे व्यायाम वगळावेत. कंबर उचलणे, कुशीवरचे पाय आणि पालथे निजून छाती किंचित उचलणे, एवढ्यावरही त्यांना पुष्कळ महिने पुरेसे काम आहे.