जुन्या गाडीच्या दिव्यांतील शॉर्ट कसा शोधावा

आपल्या संस्थेची पांढरी अँबॅसिडर बहुतेक सभासदांच्या परिचयाची आहे. गाडी १९७८ सालची, मार्क थ्री. उत्तरपाड्याच्या कारखान्यातून अँबॅसिडर निघणे २०१४ साली बंद झाले. तरी रुग्णांना नेण्याआणण्यास व समारंभाचे सामान वाहण्यास ही गाडी आपल्याला उपयोगी पडत आली आहे. २०१७ च्या आषाढात आम्ही तिघे गोव्याहून नारळांची पोती घेऊन चोर्ला घाटाने बेळगावास येत होतो. दाट धुक्यात मीटरचा दिवा गेला. हेडलाईट चालू होते, म्हणून आम्ही ते मनावर घेतले नाही. मागून आलेल्या ट्रकने अगदी जवळ येऊन करकचून ब्रेक लावला, तेव्हा कळले की मागचे दोन्ही दिवेही गेले आहेत.

फ्यूज उडाला होता. आमच्यापैकी एकाने सिगारेटच्या पाकिटातील चांदी त्याच्याभोवती गुंडाळली. दिवे आले नाहीत; वायर जळाल्याचा वास मात्र आला. बॅटरीची तार ताबडतोब ओढून काढली म्हणून गाडी वाचली, आणि ती रात्र कणकुंबीस काढावी लागली.

येथे थोडा हिशेब सांगणे अवश्य आहे. पुढचे दोन, मागचे दोन व नंबरपाटीचा एक असे पाच पाच वॅटचे दिवे धरले तर पंचवीस वॅट होतात. बारा व्होल्टच्या बॅटरीतून त्यांना जेमतेम दोन अँपिअर वीज लागते. परंतु तारेचे आवरण घासून आतले तांबे गाडीच्या पत्र्याला टेकले की वीज दिव्यापर्यंत जातच नाही. बॅटरी शेकडो अँपिअर ओतू शकते, आणि वाटेत फ्यूज नसला तर तार लाल होते. चांदी गुंडाळलेला फ्यूज म्हणजे फ्यूज नव्हेच. त्या काळच्या ब्रिटिश धर्तीच्या कित्येक गाड्यांत तर हेडलाईटच्या वाटेवर मुळातच फ्यूज नसे. आपल्या गाडीत पार्किंगच्या दिव्यांस पूर्वी कोणा मिस्त्रीने निराळा फ्यूज बसवला होता, हे आपले भाग्य.

दुसऱ्या दिवशी आम्ही प्रथम नवे फ्यूज लावून पाहिले. चार उडाले, बोध काहीच झाला नाही. मग एका जुन्या मिस्त्रींनी सांगितलेली युक्ती केली, ती अशी: फ्यूज काढावा व त्याच्या दोन टोकांमध्ये एकवीस वॅटचा, म्हणजे ब्रेकलाईटचा, बल्ब दोन तारांनी जोडावा. आता शॉर्ट कितीही असला तरी ह्या बल्बमधून पावणेदोन अँपिअरपेक्षा अधिक वीज जाऊ शकत नाही. तार तापत नाही, फ्यूज खर्च होत नाही, आणि शॉर्ट आहे तोवर बल्ब लख्ख पेटून राहतो. शॉर्ट सुटला की विझतो. बॅटरीची कोणती बाजू बॉडीला जोडली आहे ह्याच्याशीही बल्बला कर्तव्य नाही.

मात्र आधी त्या वाटेवरचे सगळे दिवे होल्डरमधून काढले पाहिजेत. ते आत राहिले तर त्यांच्यातून वीज वाहून चाचणीचा बल्ब मंद पेटतो आणि माणूस फसतो. मीटरमागचे बारीक बल्बही ह्याच तारेवर असतात. ते हमखास विसरले जातात. हल्ली घरोघरी मल्टीमीटर आला आहे, पण त्यानेही हाच घोटाळा होतो, कारण थंड बल्बचा विरोध इतका अल्प असतो की पाच बल्ब मिळून काटा जवळजवळ शॉर्टच दाखवतो.

बल्ब काढले, स्विच लावला, आमचा दिवा लख्ख पेटला. एक मुलगा पुढे बॉनेटपाशी बसवला. दिवा पाहून ओरडायचे एवढेच त्याचे काम. पुढच्या दिव्यांची जोडणी सोडली, तो म्हणाला, "पेटलाय." म्हणजे दोष तेथे नव्हता. मागे जाणाऱ्या लाल तारा सोडताच, "विझला!" अर्धी गाडी संशयातून सुटली. (ब्रिटिश पद्धतीत ह्या दिव्यांच्या तारा लाल व हेडलाईटच्या निळ्या असतात, परंतु चाळीस वर्षांत चार हात लागलेल्या गाडीत रंगावर फार विसंबू नये.)

मागची जोडणी पुन्हा लावली आणि डिकी उघडली. "विझला!" अजून कशालाच हात लागला नव्हता. दोष आपोआप गेला असे समजून डिकी लावली, तर "पेटला!" उघडली, विझला. लावली, पेटला. अर्धा तास आम्ही डिकी उघडून आत डोकी घालून बसलो होतो, आणि डिकी उघडी असताना दोष अस्तित्वातच नव्हता!

मग एकजण टॉर्च घेऊन डिकीच्या आत शिरला आणि आम्ही झाकण हळूहळू खाली आणले. नंबरपाटीच्या दिव्याची तार बिजागरीजवळ पत्र्याच्या भोकातून झाकणात जात होती. भोकातले रबरी कडे केव्हाच गळून गेले होते. झाकण बसले की तार कडेवर दाबली जाई; आवरण कापून तांबे दिसू लागले होते. घाटात पोत्यांनी झाकण वर रेटले गेले व तार तेथे पक्की टेकली.

तेथे नुसती पट्टी गुंडाळून भागत नाही. हातभर तार नवी घातली, भोकात नवे रबर बसवले, बिजागरीपाशी थोडी ढील ठेवली. दहा अँपिअरच्या फ्यूजऐवजी पाचाचा लावला. दोन अँपिअरच्या दिव्यांना तो पुरेसा आहे. दिवे मंद होणे, किंवा ब्रेक दाबला असता भलताच दिवा मिणमिणणे, हा शॉर्ट नव्हे. तेथे बॉडीचा संपर्क गंजलेला असतो, तो पॉलिशपेपरने घासावा.

रात्री तीच नारळांची पोती पुन्हा डिकीत भरली, झाकण जोराने लावले आणि कॅम्पभागात तासभर गाडी फिरवली. तो मुलगा मागून सायकलवर येत होता.