फळलेले झाड आणि हिवाळी पाहुणे

निसर्गकवी बालकवी ठोंबरे यांचा जन्म १८९० साली आपल्या धरणगावी झाला, हे आपण अभिमानाने सांगतो. पण याच गावच्या शिवारात हिवाळ्यात कोणते पक्षी येतात, असे विचारले तर आपल्यापैकी पुष्कळांची गाडी कावळा, चिमणी, साळुंकी यांपुढे जात नाही. पक्षी पाहायला जंगलच गाठले पाहिजे, ही समजूत त्याला कारण आहे. माझा अनुभव निराळा आहे. पक्ष्यामागे धावू नये. फळावर आलेले एक झाड गाठावे व तेथे बसावे.

वड, पिंपळ व उंबर यांची बारीक फुले फळाच्या आतच असतात. त्यांचे परागीभवन चिमुकले कीटक करतात. या कीटकांचे आयुष्य फार थोडे असल्याने त्यांना सतत कोठेतरी कोवळे फळ लागते. ही झाडेही एकाच वेळी फळत नाहीत. एक पिंपळ रिकामा असतो, तर दुसरा लगडलेला. म्हणून ऐन थंडीतही पक्ष्यांना अन्न मिळते. जोडीला बांधावरची बोर असतेच.

अशा झाडावर कोण भेटते? पहिला तांबट. हिरवे अंग, कपाळावर व छातीवर तांबडा ठिपका. उन्हाळ्यात टुक टुक करणारा हा पक्षी हिवाळ्यात फारसा बोलत नाही, म्हणून त्याला आवाजावरून नव्हे, झाडावरून शोधावे लागते. दुसरा हरियाल, आपल्या महाराष्ट्राचा राज्यपक्षी. त्याचे पाय पिवळे, आणि रंग पानांत असा मिसळतो की थवा उडाला म्हणजेच तो होता हे कळते. तिसरी भोरडी. गुलाबी अंगाची, काळ्या डोक्याची ही पाहुणी मध्य आशियाकडून येते. ती ज्वारीच्या कणसांवर उतरते, तेव्हा शेतकरी गोफण उचलतो. त्याची तक्रार खोटी नाही. परंतु हीच भोरडी टोळ व नाकतोडेही फस्त करते, हेही हिशेबात धरावे.

फळ खाणारा प्रत्येक पक्षी बी पेरतोच असे नाही. बुलबुल फळ गिळतो व बी दूर कोठेतरी टाकतो. हरियालाच्या पोटात मात्र पुष्कळ बिया दळल्या जातात. इवलासा फुलटोच्या बांडगुळाचे फळ खातो. त्याचे चिकट बी फांदीला लागते व तेथेच रुजते. आंब्यावरचे बांडगूळ असे पसरते.

आता छायाचित्राविषयी. सकाळचे कोवळे ऊन पाठीशी घ्यावे. पहिली पंधरा मिनिटे कॅमेरा उचलू नये; पक्ष्यांना आपली सवय होऊ द्यावी. मागे आकाश असले की पक्षी काळा उमटतो, तेव्हा प्रकाश थोडा वाढवावा किंवा पानांची पार्श्वभूमी निवडावी. चंचल पक्ष्यासाठी शटरचा वेग सेकंदाचा पाचशेवा भाग तरी असावा. लेन्स ३०० मिलीमीटरची असल्यास उत्तम. ती नसेल त्याने मोबाईलवर झाड व फळ टिपावे, पक्षी वहीत लिहावा. मात्र दगड मारून पक्षी उडवणे किंवा ध्वनिमुद्रित आवाज लावून त्याला फसवणे सर्वथा वर्ज्य समजावे.

हा केवळ छंद नव्हे. रस्ता रुंद करताना जुना वड जातो, बांध कोरताना बोर जाते, आणि त्या झाडावर कोण जेवत होते याची नोंद कोणाकडेच नसते. नोंद नसली म्हणजे नुकसानही दिसत नाही. तारीख, झाड, फळ व पक्षी एवढे चार रकाने असलेली वही मात्र पुरावा ठरते.

५ नोव्हेंबर हा मारुती चितमपल्ली यांचा आणि १२ नोव्हेंबर हा डॉ. सालिम अली यांचा जन्मदिन. हा आठवडा महाराष्ट्रात पक्षी सप्ताह म्हणून पाळला जातो. मित्रांनो, त्या आठवड्यात प्रत्येकाने आपल्या वाटेवरचे एक झाड निवडावे आणि होळीपर्यंत दर रविवारी तासभर त्याखाली बसावे. प्राध्यापकांनी या वह्या ग्रंथालयात जपून ठेवाव्यात, ही विनंती. पुढच्या तुकडीला निदान तुलना करता येईल.