निरुपयोगी गाड्या, मोटा व वाहतुकीची अवजारे: मोडीत काढण्यापूर्वी

रबरी चाकांच्या गाड्या, ट्रॉल्या व विजेचे पंप खेडोपाडी आल्यानंतर लोखंडी धावांच्या बैलगाड्या, मोटा व मोटेची चाके गोठ्यामागे पडून राहिल्याचे अनेक ठिकाणी आढळते. त्यांवर दरवर्षी पावसाचे पाणी पडते व लोखंड गंजून झडते. अखेर एखादा फिरता व्यापारी येऊन संपूर्ण ढिगाची उक्ती किंमत सांगतो आणि शेतकरी अडगळ गेल्याच्या समाधानात ती मान्य करतो. या उक्त्या व्यवहारातच त्याचे नुकसान होते.

प्रथम जिनसा वेगळ्या कराव्यात. चुंबकास चिकटते ते लोखंड. तांबे व पितळ चिकटत नाही. पितळेसारखी दिसणारी वस्तू चुंबकास चिकटल्यास ती मुलामा दिलेले लोखंड समजावे. हातोड्याच्या घावाने वाकते ते नरम लोखंड व तुटते ते बीड. दोहोंचे भाव निराळे असतात. तांबे-पितळेचा भाव तर लोखंडाच्या कितीतरी पट असतो. म्हणून पितळेची लहानशी बूशदेखील लोखंडाच्या ढिगात जाऊ देऊ नये.

वजनाचा अंदाज शेतकऱ्यास घरीच काढता येतो. गाडीच्या धावेभोवती दोरी फिरवून घेर मोजावा. घेर ४४० सें. मी., रुंदी ५ सें. मी. व जाडी १ सें. मी. असेल, तर या तिन्ही आकड्यांचा गुणाकार २,२०० होतो. त्यास ७.८५ ने गुणून १,००० ने भागिले असता सुमारे १७¼ किलो वजन येते. म्हणजे दोन धावांचे साडेचौतीस किलो. झिजून जाडी ८ मि. मी. राहिली असल्यास तीच धाव पावणेचौदा किलोच भरते. यासाठी जाडी चार-पाच ठिकाणी मोजून सरासरी धरावी. व्यापाऱ्याच्या काट्यावर याहून फार कमी वजन दिसल्यास, वैधमापन खात्याचा शिक्का असलेल्या दुसऱ्या काट्यावर माल तोलण्याचा आग्रह धरावा. माती व शेण आधी खरवडून टाकावे. ते अंगावर असले म्हणजे व्यापाऱ्यास मनमानी घट धरण्यास निमित्त मिळते.

सर्वच वस्तू भंगारात घालणे शहाणपणाचे नाही. ट्रॉलीच्या कमानपाट्याचे पोलाद कडक असते. लोहाराकडून त्याचे विळे, कोयते किंवा कुळवाची फास करून घेतल्यास भंगाराच्या भावापेक्षा अधिक मोल पदरात पडते. धावेचे लोखंड नरम असल्याने धारेच्या अवजारास ते उपयोगी नाही. बाभळीचे तुंबे व आरे जळणात घालण्यापूर्वी त्यांतून खुंट्या व अवजारांच्या मुठी निघतात का, हे सुताराकडून पाहून घ्यावे. चाकांची जोडी शाबूत असल्यास हॉटेलवाले ती शोभेसाठी विकत घेतात. तेव्हा धाव उतरविण्याची घाई करू नये.

एका बाबतीत मात्र हयगय जिवावर बेतू शकते. तेलाचे रिकामे पिंप किंवा बंद टाकी गॅसच्या ज्योतीने कापू नये. आत राहिलेल्या वाफेचा स्फोट होतो. कीटकनाशकांची पिंपे पाणी वा धान्य ठेवण्यासाठी कोणासही विकू नयेत.

नोंदणी झालेली ट्रॉली मोडावयाची असेल, तर मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५५ अन्वये, ती कायमची निकामी झाल्यापासून चौदा दिवसांच्या आत किंवा शक्य तितक्या लवकर नोंदणी अधिकाऱ्यास कळवून नोंदणीपत्र परत करावे लागते. हे न करता ट्रॉली विकल्यास ती मूळ मालकाच्याच नावावर राहते व पुढे कोणी रस्त्यावर आणल्यास जाबही त्यालाच द्यावा लागतो. ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी ही बाब व्यवहार होण्यापूर्वीच शेतकऱ्याच्या लक्षात आणून द्यावी.