हेरकथेचे संकेत

[दूरचित्रवाणीवरील हेरमालिका लहानथोर सारेच आवडीने पाहतात. या मालिकांतील कथा काही ठरावीक पद्धतींनी रचलेल्या असतात. त्या पद्धतींची ओळख प्रस्तुत पाठात करून दिली आहे. पाठाच्या आरंभी एक कल्पित कोडे आहे. त्याचे उत्तर पाठाच्या शेवटी सापडेल. परंतु ते शोधण्यासाठी लागणारे सर्व धागे आरंभीच दिले आहेत. ते लक्षपूर्वक वाचा.]

अकोला-पूर्णा लोहमार्गावर, वाशीम जिल्ह्यात, जऊळका नावाचे गाव आहे. समजा, या गावातील एका शाळेच्या अंगणात कडुनिंबाचे जुने झाड आहे आणि त्याच्या फांदीला रेल्वेच्या रुळाचा एक तुकडा तारेने टांगलेला आहे. हीच शाळेची घंटा. तिचा टोला पडला की अर्ध्या गावाला वेळ कळते.

एके दिवशी सकाळी मुले शाळेत येऊन पाहतात, तो घंटा जागेवर नाही! शिपाईकाका रजेवर असल्यामुळे एका विद्यार्थ्यानेच वर्गावर्गांतून फिरून शाळा भरल्याचे सांगितले. मधल्या सुट्टीत सारी मुले झाडाखाली जमली. झाडाच्या बुंध्याजवळ, मऊ मातीत, शिडी टेकवल्याच्या दोन खुणा होत्या. शाळेची शिडी सामानाच्या खोलीत असते; त्या खोलीचे कुलूप जसेच्या तसे होते. घंटेची तार तोडलेली नव्हती. ती सोडवून, नीट गुंडाळून, खिडकीच्या खिळ्याला अडकवलेली होती. आदल्या दिवशी शाळा सुटताना टोला पडला, तेव्हा फांदी करकरल्याचे एका मुलीला आठवले. परंतु तिच्या बोलण्याकडे कोणी लक्ष दिले नाही. कारण तेवढ्यात दुसऱ्याने सांगितले, “काल दुपारी भंगारवाला फाटकाशी थांबला होता. या रुळाचे वजन किती, असे तो विचारत होता!”

झाले! चोर सापडला, असे सर्वांना वाटले. मुलांनी बाजाराच्या वाटेवर भंगारवाल्याला गाठले. तो बिचारा हात जोडून म्हणाला, “मी फक्त इचारलं होतं जी, नेलं नाही.” पण त्याचे म्हणणे कोणालाही पटले नाही. त्याच्या हातगाडीवरील सामान मुलांनी भर रस्त्यात उपसले. घंटा मात्र तेथे नव्हती.

घंटा कोठे गेली असेल? उत्तर शोधण्यापूर्वी, अशी कोडी रचणारे लेखक कोणते नियम पाळतात, ते पाहू.

कथा सांगण्याच्या ज्या रीती लेखक आणि वाचक या दोघांनाही ठाऊक असतात व दोघेही मान्य करतात, त्यांना ‘संकेत’ म्हणतात. कीर्तनात पूर्वरंग आणि उत्तररंग असतो, तमाशात आधी गण आणि मग गौळण येते. त्याचप्रमाणे हेरकथेचाही एक क्रम आहे : प्रथम गुन्हा, नंतर चौकशी, मग संशय, आणि शेवटी उलगडा. हा क्रम फार जुना नाही. अमेरिकन लेखक एडगर ॲलन पो याने १८४१ साली द्युपाँ नावाच्या चतुर पुरुषाची कथा लिहिली. तिच्यापासून आधुनिक हेरकथेचा आरंभ झाला, असे मानतात. १८८७ साली आर्थर कॉनन डॉयल या लेखकाने शेरलॉक होम्सला वाचकांपुढे आणले आणि हा कथाप्रकार जगभर लोकप्रिय झाला. मराठीत बाबुराव अर्नाळकर यांनी हजारांहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. त्यांचे झुंजार आणि काळा पहाड हे नायक एके काळी घरोघरी परिचित होते.

पुढे पुस्तकातील हेर दूरचित्रवाणीच्या पडद्यावर आला. मुंबई दूरदर्शनवर १९८० नंतरच्या दशकात ‘एक शून्य शून्य’ ही मराठी मालिका दाखविली जात असे. पोलिसांना बोलावण्याचा दूरध्वनी क्रमांक १०० होता. त्यावरूनच मालिकेला हे नाव मिळाले. मुंबई पोलिसांनी केलेल्या तपासांवर तिच्यातील कथा आधारलेल्या असत. शिवाजी साटम या मालिकेत पोलीस अधिकाऱ्याच्या भूमिकेत होते. तेच पुढे ‘सी.आय.डी.’ या हिंदी मालिकेत प्रद्युम्न या प्रमुख अधिकाऱ्याच्या रूपाने सर्व देशाला माहीत झाले. ही मालिका २१ जानेवारी १९९८ रोजी सुरू झाली व २०१८ पर्यंत अखंड चालली. तेवढ्या काळात तिचे दीड हजारांहून अधिक भाग झाले. २०२४ च्या अखेरीस ती पुन्हा सुरू झाली.

इतकी वर्षे एकाच साच्याची कथा लोक का पाहतात? या प्रश्नाचे उत्तर संकेतांतच आहे.

पहिला संकेत पात्रांचा. हेराजवळ एक सोबती असतोच. होम्सला वॉटसन आहे, १९८५ च्या ‘करमचंद’ मालिकेतील हेराला किटी आहे. हा सोबती केवळ शोभेसाठी नसतो. हेराच्या मनात काय चालले आहे, हे पडद्यावर दाखविता येत नाही; म्हणून कोणीतरी त्याला प्रश्न विचारावा लागतो. प्रेक्षकांच्या मनातील प्रश्नच सोबती विचारतो. ‘सी.आय.डी.’मध्ये हे काम अनेकांत वाटले आहे. प्रद्युम्न शंका काढतो, अभिजित तर्क लढवितो, दया बंद दार धक्क्याने उघडतो आणि डॉक्टर साळुंखे प्रयोगशाळेत परीक्षा करून निष्कर्ष सांगतात. दार बंद दिसले की आता दया पुढे होणार, हे प्रेक्षकाला आधीच कळते. तरीही त्याला कंटाळा येत नाही. आरतीचे पुढचे कडवे ठाऊक असले म्हणजे ते म्हणण्यात जसा आनंद असतो, तसाच हा आनंद होय. ओळखीच्या चौकटीत अनोळखी कोडे बसविणे, हे मालिकेचे खरे कौशल्य.

दुसरा संकेत प्रामाणिकपणाचा. रोनाल्ड नॉक्स हे इंग्लंडमधील एक धर्मगुरू होते व स्वतः हेरकथाही लिहीत. त्यांनी १९२९ साली हेरकथेचे दहा नियम सांगितले. गुन्हेगार हा कथेच्या आरंभीच्या भागात येऊन गेलेला असावा. हेराला सापडलेला प्रत्येक धागा वाचकालाही ताबडतोब दिसावा. जुळा भाऊ एकाएकी शेवटी आणू नये, असे ते नियम आहेत. थोडक्यात, लेखकाने वाचकाला चकवावे, परंतु फसवू नये. चकविणे आणि फसविणे यांत मोठे अंतर आहे. महत्त्वाची गोष्ट वाचकापासून दडवून ठेवणे, ही फसवणूक. ती उघड्यावर ठेवून वाचकाची नजर दुसरीकडे वळविणे, ही कला. डॉयल याच्या १८९२ च्या एका कथेत घोडा चोरीस जातो, त्या रात्री तबेल्यातील कुत्रा भुंकत नाही. सर्वजण काय घडले याचा विचार करतात. होम्स मात्र काय घडले नाही याचा विचार करतो. कुत्रा भुंकला नाही, त्याअर्थी येणारा माणूस ओळखीचा होता!

तिसरा संकेत संशयाचा. ज्याच्यावर प्रथम संशय येतो, तो बहुधा निर्दोष असतो. चेहऱ्याने उग्र असलेला नोकर, कर्जात बुडालेला पुतण्या, रात्री उशिरा दिसलेला परका माणूस, ही माणसे लेखकाने मुद्दाम वाटेत उभी केलेली असतात. खरा अपराधी पुष्कळदा सभ्य, हसतमुख आणि मदतीस तत्पर असा असतो. अनुभवी प्रेक्षक हे ओळखून असतात. म्हणून लेखकही अधूनमधून संकेत उलटा करतो. ‘कोलंबो’ या अमेरिकन मालिकेत तर गुन्हेगार कोण, हे आरंभीच दाखवीत. तेथे कुतूहल अपराध्याविषयी नसे, तो पकडला कसा जातो याविषयी असे. संकेत मोडण्यातही गंमत आहे. परंतु तो मोडला आहे हे कळण्यासाठी तो आधी माहीत असावा लागतो.

चौथा संकेत उलगड्याचा. शेवटी सर्व संशयित एकत्र येतात, हेर एकेक धागा जोडून दाखवितो आणि अपराधी गुन्हा कबूल करतो. भाग संपण्यापूर्वी न्याय झालाच पाहिजे, अशी प्रेक्षकांची अपेक्षा असते.

हे संकेत कथेला शोभतात. मात्र खऱ्या जगाचा कारभार निराळा आहे, हे विसरून चालणार नाही. मालिकेतील तपास तासाभरात संपतो. खऱ्या तपासाला महिने, कधी वर्षेही लागतात. मालिकेत दरडावताच अपराधी सारे सांगून टाकतो. आपल्या कायद्यात मात्र आरोपीने पोलीस अधिकाऱ्यापुढे दिलेली कबुली त्याच्याविरुद्ध पुरावा म्हणून मांडता येत नाही. १८७२ च्या पुरावा कायद्यात हे तत्त्व होते आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमातही ते कायम आहे. भीतीने माणूस न केलेला अपराधही कबूल करतो, हे कायदा जाणतो. म्हणून केवळ संशयावरून किंवा दरडावून मिळविलेल्या शब्दावरून कोणालाही दोषी ठरविता येत नाही. पुरावा हवा, आणि तो न्यायालयात टिकला पाहिजे.

बंगाली लेखक शरदिंदु बंद्योपाध्याय यांचा व्योमकेश बक्षी हा नायक स्वतःला हेर म्हणवून घेत नाही. तो स्वतःला ‘सत्यान्वेषी’, म्हणजे सत्याचा शोध घेणारा, म्हणवितो. बासू चटर्जी यांनी १९९३ साली दूरदर्शनसाठी त्याच्या कथांवर मालिका केली. तीत रजित कपूर व्योमकेश झाले होते. हेरकथेचे सारे मर्म त्या एका शब्दात आहे. अपराधी पकडणे हे काम दुय्यम. सत्य काय, ते शोधणे हे मुख्य.

आता जऊळक्याच्या घंटेकडे वळू. चोर घाईत असतो. तो तार तोडील. सोडवून, गुंडाळून खिळ्याला अडकविणार नाही. शिडी लावल्याच्या खुणा होत्या, पण शिडीच्या खोलीचे कुलूप शाबूत होते. म्हणजे शिडी काढणाऱ्याजवळ किल्ली होती. फांदी करकरली होती. म्हणजे जड रूळ मुलांच्या डोक्यावर पडण्याचा धोका होता. आणि किल्ली बाळगणारा, तार जपणारा, मुलांची काळजी वाहणारा एक माणूस त्या दिवशी शाळेत नव्हता. गावात कोण आले, याचा सर्वांनी विचार केला. शाळेत कोण नाही, याचा कोणीही केला नाही!

दोन दिवसांनी शिपाईकाका परत आले. नात्यातील माणूस आजारी असल्याचा निरोप आल्यामुळे ते पहाटेच्या गाडीने गेले होते. जाण्यापूर्वी, आदल्या संध्याकाळी, तडकलेल्या फांदीवरील घंटा त्यांनी उतरवून ठेवली होती. त्यांनी सामानाची खोली उघडली. शिडीच्या मागे, गोणपाटात गुंडाळलेला रूळ होता. नवी, बळकट फांदी पाहून त्यांनी तो पुन्हा टांगला.

हेरमालिकेचा भाग येथे संपला असता. परंतु मुलांचे एक काम उरले होते. पुढच्या बाजाराच्या दिवशी ती भंगारवाल्याची वाट पाहत फाटकाशी उभी राहिली. हातगाडी दुरून दिसताच त्यांच्या माना खाली गेल्या. ज्या मुलीचे बोलणे कोणी ऐकले नव्हते, तीच प्रथम पुढे झाली आणि म्हणाली, “दादा, आमचं चुकलं.”

स्वाध्याय

१. ‘संकेत’ म्हणजे काय, ते स्वतःच्या शब्दांत सांगा.
२. हेरकथेत हेराला सोबती का लागतो?
३. “लेखकाने वाचकाला चकवावे, परंतु फसवू नये.” या विधानाचा अर्थ उदाहरण देऊन स्पष्ट करा.
४. घंटा चोरीस गेलेली नाही, हे दर्शविणारे धागे पाठातून शोधून क्रमाने लिहा.
५. मुलांनी भंगारवाल्याशी केलेल्या वर्तनात कोणती चूक होती? तुम्ही तेथे असता तर काय केले असते?
६. वाक्यात उपयोग करा : जसेच्या तसे असणे, वाट पाहणे, मान खाली जाणे.
७. लेखन : तुमच्या शाळेतून एखादी वस्तू नाहीशी झाली आहे, अशी कल्पना करून दहा-बारा वाक्यांची हेरकथा लिहा. उत्तराचा एक तरी धागा आरंभीच्या तीन वाक्यांत आला पाहिजे.