दुर्बीण हवी, पण बंदुकीवर नको

विष्णुपुरीच्या एका शेतकरी वाचकाचा प्रश्न आहे: रात्री रानडुकरं पिकात शिरतात, बंदुकीवर बसवायला कोणती दुर्बीण घ्यावी?

आधी कायदा. 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी आहे. परवानगीशिवाय गोळी झाडणं म्हणजे डुकरापेक्षा मोठी आफत. पिकाची नासाडी झाली तर वनविभागाकडे अर्ज करून भरपाई मागता येते.

दुर्बीण मात्र जरूर घ्यावी, हातात धरायची. तिच्यावर 8×42 असे आकडे असतात. पहिला म्हणजे किती पट मोठं दिसतं, दुसरा पुढच्या भिंगाचा व्यास, मिलिमीटरमध्ये. 42ला 8ने भागलं की 5.25 येतात; डोळ्यापर्यंत पोचणारा प्रकाशझोत तेवढा रुंद. 10×25च्या खिशातल्या दुर्बिणीत तो जेमतेम 2.5, म्हणून दिवस मावळला की ती आंधळी! दुकानदार 20 पटीचं आमिष दाखवतात, पण हात थरथरला की चित्रही नाचतं. काळ्याकुट्ट रात्री मात्र 8×42ही हात टेकते.

चष्मा असेल तर डोळा भिंगापासून 15 मिलिमीटर तरी लांब ठेवता यावा. गोदाकाठच्या शंकरसागर जलाशयावर हिवाळ्यातल्या पहाटे तीच दुर्बीण पाखरं बघायला उपयोगी पडेल.