भोक न पाडणाऱ्या क्लॅम्पला पेटंट मिळेल का?

प्रश्न : कारखान्याच्या पत्र्याला भोक न पाडता सोलर पॅनल बसवणारा क्लॅम्प बनवला आहे. त्याचे पेटंट मिळेल का? (एक फॅब्रिकेटर, इचलकरंजी)

उत्तर : भोक नाही म्हणजे गळती नाही, हा फायदा खरा. पण परीक्षक आधी नावीन्य तपासतो, आणि तेही जगभरचे. पत्र्याच्या उभ्या शिवणीला स्क्रूने आवळून धरणारे क्लॅम्प अमेरिकेत रॉब हॅडॉक यांच्या एस-फाइव्ह कंपनीने केव्हाच बाजारात आणले आहेत.

दुसरी अडचण पेटंट कायदा, १९७० च्या तिसऱ्या कलमाची. माहितीतली साधने एकत्र जोडली आणि प्रत्येक आपापले जुनेच काम करत राहिले, तर तो शोध ठरत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये बिश्वनाथ प्रसाद राधेश्याम खटल्यात लेथवर भांडी पकडण्याच्या साधनाचे पेटंट रद्दच ठरवले. कारागिराच्या हातून सहज होणारी सुधारणा पेटंटला पुरत नाही.

म्हणून दाव्यात ‘मजबूत क्लॅम्प’ असे मोघम लिहू नये. जबड्याचा कोन किती, स्क्रूचे टोक गोल का, रंगाचा थर न खरवडता वाऱ्याचा उचलणारा जोर कसा पेलला जातो, हे चाचणीच्या आकड्यांसह मांडावे.

मुंबईच्या पेटंट कार्यालयात अर्ज दाखल होईपर्यंत मात्र क्लॅम्प विकू नये, दाखवूही नये! काम अपुरे असेल तर तात्पुरते विवरण द्यावे. पूर्ण विवरणासाठी १२ महिने मिळतात. परीक्षण आपोआप होत नाही. त्यासाठी फॉर्म १८ वेगळा, पहिल्या अर्जापासून ३१ महिन्यांच्या आत भरावा लागतो.