‘लागेल तेवढे’ : मराठी पाककृतीतील माप, अंदाज आणि भट्टी

मराठी गद्याच्या इतिहासात बखर, निबंध, चरित्र, प्रवासवर्णन, पत्र या सर्वांना जागा मिळाली. पाककृतीला मात्र ती मिळाली नाही. वास्तविक छापील मराठी पाकपुस्तकाची परंपरा लहान नव्हे. रामचंद्र सखाराम गुप्ते यांचे ‘सूपशास्त्र’ १८७५ चे. लक्ष्मीबाई धुरंधर यांचे ‘गृहिणी-मित्र अथवा एक हजार पाकक्रिया’ १९१० चे. सारस्वत महिला समाजाने अंबाबाई सामशी यांची ‘रसचंद्रिका’ १९४३ मध्ये काढली आणि कमलाबाई ओगले यांची ‘रुचिरा’ १९७० मध्ये आली. त्याही मागे जावयाचे तर तंजावरच्या मराठी दरबाराशी निगडित असलेले रघुनाथाचे ‘भोजनकुतूहल’ आहे. ते संस्कृतात असले तरी पदार्थांची देशी नावे नोंदविल्यावाचून त्याचे भागले नाही. एवढी सामग्री हाताशी असता अभ्यासकांनी तिच्याकडे पाठ फिरविली, याचे कारण बहुधा असे की पाककृती ही वाचावयाची नसून करावयाची गोष्ट आहे, असे गृहीत धरले गेले. ती करावयाची आहे हे खरेच. परंतु एकीला येणारी गोष्ट दुसरीला केवळ शब्दांनी कशी द्यावयाची, हा प्रश्न भाषेचा आहे, आणि तो मराठीने कसा सोडविला हे पाहण्यासारखे आहे.

प्रथम वाक्य पाहावे. ‘रवा भाजावा, कणीक मळावी, पीठ चाळावे.’ मराठी पाकपुस्तकाचे हे ठरीव क्रियापद विध्यर्थी असते आणि ते कर्माच्या लिंगवचनाप्रमाणे चालते. कर्ता तृतीयेत यावयाचा, तो गाळलेला असतो. हिंदीतील ‘भून लें’ समोरच्या व्यक्तीला आदराने काही करावयास सांगते. तमिळ पाकपुस्तकातील ‘सेर्क्कवुम्’ हे रूप अकर्तृक सूचनेचे आहे, पण त्यावर कर्माची खूण नसते. मराठीत मात्र रव्याचे पुल्लिंग, कणकेचे स्त्रीलिंग आणि पिठाचे नपुंसकलिंग क्रियापदावर उमटते व कर्ती नाहीशी होते. ‘तिने’ हा शब्द पुस्तकात कोठेही नसतो, आणि तरीही तीच अभिप्रेत आहे हे वाचणारीला पक्के ठाऊक असते. शास्त्रग्रंथांच्या विधिलिङाशी या रूपाचे नाते आहे. त्यामुळे पुरणपोळीच्या कृतीलाही व्रताच्या विधीसारखा एक निर्विकार भारदस्तपणा येतो. तोंडी सांगताना हे रूप क्वचितच वापरले जाते. ओट्याशी उभी असलेली बाई ‘मी आपली मूठभर घालते’, ‘आमच्याकडे चिंच नाही चालत’ असे प्रथमपुरुषात बोलते. हा ‘मी’ आणि हे ‘आमच्याकडे’ छापखान्यात जाताच गळून पडले. दुर्गा भागवतांच्या ‘खमंग’सारख्या पुस्तकात ते पुन्हा दिसतात, पण ते पुस्तक ललित लेखनाच्या अंगाने जाणारे आहे.

या विध्यर्थी वाक्याच्या शेजारी दुसरी एक जात नांदते. ‘खमंग वास सुटेपर्यंत’, ‘तूप सुटू लागले की’, ‘बदामी रंग येईतो’, ‘पाक एकतारी झाला म्हणजे’. येथे कालाचे माप घड्याळावर नसून पदार्थावर आहे. पदार्थ स्वतःच खूण देतो आणि नाक, डोळा, बोट यांनी ती ओळखावयाची असते. या वाक्यांचा शिरोमणी म्हणजे ‘लागेल तेवढे पाणी’. परभाषी वाचकाला हा प्रयोग निव्वळ टाळाटाळ वाटण्याचा संभव आहे. तथापि पीठ किती जुने, दळण किती बारीक, हवा किती दमट यावर पाणी ठरते. आकडा दिला तर तो बहुतेक घरांत चुकेल. ‘लागेल तेवढे’ हे म्हणूनच काटेकोर विधान आहे. अट एकच : किती लागते हे वाचणारीच्या हाताला आधीच कळत असले पाहिजे. म्हणजे ही भाषा नवख्या व्यक्तीसाठी नाही. ज्यांनी एका स्वयंपाकघरात उभे राहून पाहिलेले आहे अशा सासू-सुना, मायलेकी, जावाजावांसाठी ती आहे. ही नाती विखुरली की वाक्य तसेच राहते, पण त्याचा अर्थ हरवतो.

मापांची कथा याला समांतर चालते. जुन्या पुस्तकांतील शेर, पावशेर, छटाक, तोळा ही मापे छापून येत असली तरी त्यांत एकवाक्यता नव्हती. सरकारी शेर ८० तोळ्यांचा, पण गावोगावचा शेर निराळा असे. १९५६ च्या कायद्याने दशमान पद्धती आली आणि पुढील पाच-सहा वर्षांत ती बाजारात सक्तीची झाली; त्याबरोबर आधीच्या पिढीची पाकपुस्तके एका अर्थाने दुर्बोध झाली. अशा वेळी ‘रुचिरा’ने वाटी आणि चमचा ही मापे धरली. या निवडीचे महत्त्व सोयीपुरते मानू नये. वाटी हे माप सरकारचे नव्हे, घरचे आहे. कोणाची वाटी किती मोठी हे पुस्तकाला ठाऊक नसते आणि ठाऊक असण्याची गरजही नसते. एकाच वाटीने सगळे मोजले की प्रमाण सांभाळले जाते. अंदाज टाकून न देता त्याला गणिताच्या कक्षेत आणण्याची ही युक्ती होती. शहरात वेगळे बिऱ्हाड थाटलेल्या, शेजारी सासू नसलेल्या तरुण गृहिणीला तिची गरज होती, आणि लेखिकेला लाखभर सुनांची सासू म्हणून जी प्रसिद्धी मिळाली तिच्यातला विनोद बाजूला ठेवला तर वर्णन अचूक आहे. नात्याची जागा पुस्तकाने घेतली होती.

वाटीच्या या राज्यात अंदाजाला खरा पेच पडला तो भट्टीपाशी. आमटीत मीठ कमी पडले तर घालता येते, पाक पुढे गेला तर पाण्याचा हबका मारता येतो, पोळी जाड झाली तर पुढची पातळ लाटता येते. मराठी स्वयंपाकाची बहुतेक सारी विद्या अशी चालता चालता सुधारण्याची आहे. केक किंवा नानखटाई एकदा आत गेली की चाखणे नाही, ढवळणे नाही, वरून काही घालणे नाही. चूक बाहेर आल्यावरच कळते. म्हणून ‘लागेल तेवढे’ म्हणणाऱ्या घरांतही सोड्याचे माप चमच्याच्या टोकावर आणि मैद्याचे माप सपाट वाटीवर येऊन ठेपते. नानखटाईचे घरगुती सूत्र सर्वपरिचित आहे : एक वाटी तूप, एक वाटी पिठीसाखर, दोन वाट्यांच्या आतबाहेर मैदा. यातील ‘आतबाहेर’ हा अंदाजाचा शेवटचा किल्ला. तुपाच्या प्रतीवर ते ठरते, आणि तूप पांढरे, हलके होईपर्यंत फेसावयाचे ही खूणही जुन्या जातीचीच आहे. त्यानंतर मात्र बोलणे अंशांचे आणि मिनिटांचे होते. घड्याळ स्वयंपाकघरातील वाक्यात शिरले ते मुख्यतः या दाराने, असे मानावयास जागा आहे.

भाषेतील एक उणीव येथे ध्यानात येते. शेंगदाणे कढईत भाजतात, भाकरी तव्यावर आणि आरावर भाजतात, वांगे निखाऱ्यावर भाजतात, आणि पावही भट्टीत भाजतातच. चहूबाजूंनी बंद उष्णतेत शिजविण्याच्या क्रियेला मराठीने वेगळे क्रियापद घडविले नाही. ‘बेक करणे’ हेच रूढ झाले. ज्या क्रियेची घरात चूल नव्हती तिला घरचा शब्द नसावा हे साहजिक आहे. घरी केक करणाऱ्या स्त्रियांनी वाळू तापवून तिच्यावर भांडे ठेवले, झाकणावर निखारे घातले, पुढे गोल ॲल्युमिनियमचा विजेचा ओव्हन आणला. ज्यांनी यांपैकी काही केले नाही त्यांनी पदार्थ बेकरीत नेला.

हा प्रघात महाराष्ट्रातील शहरांत व तालुक्याच्या गावांत चांगला परिचित आहे. दिवाळीच्या आधी किंवा उन्हाळ्याच्या सुट्टीत घरचे तूप, साखर, पीठ घेऊन बेकरीत जावयाचे, मजुरी द्यावयाची आणि पत्र्याचा डबा भरून बिस्किटे किंवा नानखटाई घेऊन यावयाचे. साहित्य घरचे असल्याने पदार्थ ‘घरचा’च समजला जातो, कृती, तागडी आणि आच बेकरीवाल्याची. घरची वाटी येथे किलोपुढे नमते. ‘मैदा किती किलोचा?’ या एका प्रश्नाने वाटीत विचार करणारी गृहिणी क्षणभर गोंधळते, आणि तूप कमी आणले असेल तर बेकरीवाला ते हाताने पीठ दाबून सांगतो. अंदाज त्यालाही आहे. त्याची भाषा मात्र वजनाची आहे.

हा व्यवहार आज इतका निरुपद्रवी वाटतो की त्यामागचे अंतर दिसत नाही. १८९० मध्ये पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये चहा-बिस्किटे पुढे आली, त्या मेळाव्यास न्यायमूर्ती रानडे, टिळक, गोखले आदी मंडळी उपस्थित होती, आणि त्यावरून उठलेले ग्रामण्याचे प्रकरण शंकराचार्यांपर्यंत जाऊन प्रायश्चित्तापर्यंत पोचले. भट्टीत भाजलेला पदार्थ हा परक्या हाताचा, परक्या पाण्याचा पदार्थ होता. ‘पाव’ हा शब्द पोर्तुगीजांकडून आला आणि विहिरीत पाव टाकून गाव बाटविल्याच्या कथा किनारपट्टीवर सांगितल्या गेल्या. ज्या भट्टीने जात जात असे, तिच्यात काही पिढ्यांनी दिवाळीच्या फराळाचा एक भाग भाजला जाऊ लागला. आणि या पालटाची नोंद कोणत्याही पाकपुस्तकाने केलेली नाही, कारण ‘भट्टीत भाजावी’ या वाक्यात भट्टी कोणाची हे सांगण्याची सोयच नाही. कर्ता गाळणाऱ्या व्याकरणाने येथे एक सामाजिक कामही केले.

गोव्यातील ख्रिस्ती घरांचे उदाहरण याहून वेगळे आहे आणि वरील विधानाला मर्यादा घालणारे आहे. बिबिक हा नारळाचा रस, अंड्यांचा बलक, साखर, मैदा व तूप यांचा थरांचा पदार्थ. एक थर ओतावयाचा, वर निखाऱ्यांचे झाकण ठेवावयाचे, तो तांबूस झाला की झाकण काढून तूप लावून दुसरा ओतावयाचा. थर सात किंवा त्याहून अधिक. हे भाजणे आहे, पण बंद भाजणे नव्हे. प्रत्येक थराला झाकण उघडते, डोळा पाहतो, आच कमीजास्त होते. म्हणून येथे घड्याळ शिरले नाही आणि खुणांची जुनी भाषा टिकली. नाताळात असे पदार्थ ताटात घालून शेजारीपाजारी पाठवितात, ते ‘कुसवार’. हिंदू शेजाऱ्याकडून दिवाळीत आलेल्या फराळाची ही परतभेटही असते. पदार्थ ताटातून जातो आणि त्याच्या मागोमाग कृती विचारली जाते. पाककृतीच्या प्रसाराचे हे सर्वांत जुने साधन असावे.

घराबाहेरच्या जेवणाची परिभाषा आणखी निराळी. लग्नाचा आचारी वाटीत बोलत नाही, किलोतही प्रथम बोलत नाही. तो ‘पाने किती?’ असे विचारतो. दोनशे पाने, पाचशे पाने. पान हे एका जेवणाऱ्याचे माप. त्यावरून तो मनातल्या मनात हिशेब करून यादी सांगतो आणि ती यजमान लिहून घेतो. ही यादी म्हणजे आचाऱ्याच्या विद्येचे एकमेव लिखित रूप. तीत साहित्य असते, कृती नसते. पाकपुस्तकातील ‘साहित्य’ आणि ‘कृती’ या दोन मथळ्यांपैकी दुसरा तो कोणाला देत नाही, कारण त्यावर त्याचे पोट आहे.

मुंबईच्या गिरणगावातील खानावळवाल्या बायांनी तर यादीही मागे ठेवली नाही. गावी कुटुंब ठेवून आलेल्या कामगारांना महिन्याच्या बोलीवर दोन वेळा जेवू घालणाऱ्या या स्त्रिया रोज वीस-पंचवीस परक्या माणसांचा स्वयंपाक करीत. कोणाला कोल्हापुरी तिखट हवे, कोणाला कोकणी आंबट, आणि पैसे मिळावयाचे पगार झाल्यावर. त्यांना सावकारी कर्जातून सोडविण्यासाठी प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन केले. १९८२ च्या संपाने गिरण्यांबरोबर या खानावळींचाही कणा मोडला. त्यांच्या स्वयंपाकाचे पुस्तक झाले नाही. ‘रुचिरा’ घरोघर पोचत होती त्याच वर्षांत, त्याच शहरात ही दुसरी विद्या चालू होती, हे वाङ्मयेतिहासकाराने विसरू नये. छापील पाकपुस्तकाला मराठी स्वयंपाकाचा कोश समजणे ही म्हणूनच घोडचूक ठरेल.

ही चूक उघड करण्याचे श्रेय शाहू पाटोळे यांच्या ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ (२०१५) या पुस्तकाकडे जाते. जेवणापूर्वीच्या सुपरिचित श्लोकातील शब्दाला एका उपसर्गाने छेद देणारे हे नाव सार्थ आहे. मराठवाड्यातील दलित घरांतील पदार्थ, वाळविलेल्या मांसाच्या चान्या, रक्ताची लकुती यांच्या कृती येथे प्रथमच इतक्या विस्ताराने लिहिल्या गेल्या. त्या वाचताना ‘लागेल तेवढे’ या शब्दांखालची जमीनच हलते. वाटी-वाटीने तूप मोजणाऱ्या भाषेत घरात तूप आहे हे गृहीत असते. ज्या स्वयंपाकात तेल क्वचित, दूध-तूप जवळजवळ नाही आणि मांस मिळेल तेव्हाच, तेथे अंदाज चवीचा नसतो; आहे ते किती जणांना आणि किती दिवस पुरवावयाचे, याचा असतो. ‘लागेल तेवढे’च्या जागी तेथे ‘असेल तेवढे’ आहे. इंग्रजी भाषांतरानंतर (२०२४) या पुस्तकाची चर्चा अन्य प्रांतांत झाली, पण त्याचा मराठी पाकवाङ्मयाच्या परंपरेशी ताळा अजून पुरेसा घातला गेलेला नाही.

छापील पुस्तक आणि तोंडी परंपरा यांच्यामध्ये एक तिसरी सामग्री आहे आणि तिच्याकडे लक्ष वेधणे अगत्याचे आहे : घरोघरच्या हाताने लिहिलेल्या वह्या. बडोदे, इंदूर, ग्वाल्हेर येथील मराठी घरांत त्या विशेष मोलाच्या, कारण तेथे मराठी कृतीत गुजराती किंवा हिंदी शब्द सहज येऊन बसतात व शेजार कोणाचा होता हे सांगून जातात. या वह्यांत पदार्थाच्या नावापुढे बहुधा तो देणारीचे नाव असते : धाकट्या जाऊबाईंची नानखटाई, वरच्या मजल्यावरच्या काकूंचा बिनअंड्याचा केक. छापील विध्यर्थाने गाळलेली कर्ती येथे षष्ठीत परत येते. समासात दुसऱ्या शाईने केलेल्या दुरुस्त्या असतात. ‘साखर पाऊण पुरे’, ‘आच मंद’, ‘मागच्या वेळी बसला’. तुपाच्या बोटांचे डाग सर्वांत अधिक कोणत्या पानावर आहेत, यावरून कोणता पदार्थ घरात खरोखर होत असे हेही कळते. अशा वह्या ग्रंथालयांत नाहीत. त्या माळ्यावरच्या पेट्यांत आहेत, आणि घर हलविताना रद्दीत प्रथम जातात त्या त्याच.